पेवातला पहिला अल्बम

माझ्या कानाशी हळकुंड मोडून माझी पारख करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. तोवर माझी पारख दोनदा झाली होती, एकदा शिक्षकभरतीत आणि एकदा सासरेबुवांच्या दिवाणखान्यात. दोन्ही ठिकाणी निदान प्रश्न तरी विचारले होते. इथं तसलं काही नव्हतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशावर कधीच न निघणारा पिवळा डाग, असे एक सत्तरीपुढचे गृहस्थ माझ्या अगदी अंगाशी आले, खिशातून त्यांनी एक हळकुंड काढलं, माझ्या डाव्या कानापाशी धरलं आणि मोडलं.

"काय ऐकलं?"

"टक्क."

"टक्क का टण्ण?"

मी विचारात पडलो. मी गणिताचा मास्तर. दोन उत्तरांत फरक असतो, एवढं मी मानतो. "टण्ण," मी म्हणालो, "पण शेवटी जरासं टक्क."

म्हातारा खूश झाला. "आणा सामान आत. तुमच्यातल्या एकाला तरी कान हाय."

सामान म्हणजे एक ड्रमसेट, दोन गिटारी, तीन स्पीकर आणि वायरींचं एक पोतं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, साताऱ्यात आठवी ते दहावीला बीजगणित शिकवत होतो आणि एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवत होतो. हे शेवटचं वाक्य मी घरात आरशासमोर म्हणून पाहायचो. पाठीमागून बायको म्हणायची, "आणि दळण कोण आणणार?"

बँडचं नाव 'थ्री फेज'. आमच्या भागात शेतीला थ्री फेज वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो. आमच्या तालमींचंही तसंच होतं. माणसं तीन. ड्रमर रहिमतपूरचा. शेतातल्या पंपाच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणायचे, त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिसरी सांगलीची, दातांची डॉक्टर, आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. गाणी ती लिहायची, ती गायची, गिटार तीच वाजवायची आणि आमच्या दोघांच्या चुकाही तीच मोजायची.

जागेसाठी आम्ही सगळीकडून हाकलले गेलो होतो. साताऱ्यात माझ्या सोसायटीनं लेखी हरकत घेतली. रहिमतपुरात ड्रमरच्या शेजाऱ्यानं सांगितलं की तुमच्या दणक्यानं माझी म्हैस दूध देईना. सांगलीत दवाखान्याच्या वर वाजवून पाहिलं, तर खाली दाढ काढायला बसलेले दोन पेशंट उठून गेले. शेवटी डॉक्टरनंच शोधून काढलं की सांगलीला लागून, कृष्णेकाठी, हरिपुरात एक हळदीचं गोदाम रिकामं आहे. मालक जरा विचित्र आहेत, एवढंच तिनं सांगितलं होतं.

मालकांना सगळे आण्णा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. घराणं जैन, पिढ्यान्‌पिढ्या हळदीत. हळद वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की धातूसारखं वाजतं. ओलं असलं तर नुसतं तुटतं. साठ वर्षं हेच ऐकून त्यांचे कान असे तयार झाले होते, की त्यांना जगात दोनच आवाज ऐकू यायचे. एक वाळलेला, एक ओला.

आमचं पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. हायवेवरच्या टोलनाक्यावर पावत्या फाडणाऱ्या मुलीचं ते गाणं होतं आणि डॉक्टरचा त्यावर फार जीव होता. गाणं संपलं. आण्णांनी डोळे उघडले.

"ओलं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे काय, आण्णा?" डॉक्टरनं विचारलं. "सूर कमी पडतो का?"

"सुरातलं मला काय कळत न्हाई, अक्का. ह्या पंपवाल्याचं ते मोठं टमरेल हाय न्हवं, पायानं वाजवतोय ते, ते ओलं हाय. आन मास्तर जे करत्यात ते मला ऐकूच आलं न्हाई."

बेस वाजवणाऱ्याला जगात सगळीकडे हेच ऐकावं लागतं. मी मनावर घेतलं नाही. ड्रमरनं मात्र घेतलं. पुढच्या रविवारी त्यानं पायाच्या ड्रममध्ये कोंबलेली जुनी गोधडी काढली, कातडं ताणलं आणि पुन्हा वाजवलं. आण्णांनी मान एकीकडे केली. "आता वाजतंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही. त्यांच्या नातीला बोर्डात चांगले मार्क पडले तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

गोदामाच्या दारात लोखंडी फळीचा जुना काटा होता, पोती तोलायचा. आत जाणारी आणि बाहेर येणारी प्रत्येक वस्तू त्यावरून गेली पाहिजे असा आण्णांचा दंडक. "आत आलेलं आन भाईर गेलेलं जुळलं पायजे." म्हणून दर रविवारी ड्रम तोलले जायचे, गिटारी तोलल्या जायच्या आणि आम्हीही तोलले जायचो. एकदा जाताना त्यांनी मला काट्यावर अडवलं.

"मास्तर, येताना ऐंशी हुता. आता साडेऐंशी भरताय."

"आण्णा, मधल्या सुटीत वडे खाल्ले."

"आन ह्यो पंपवाला किलोनं कमी झालाय. वडे त्यानं बी खाल्ले." त्यांनी काट्याची दांडी सरळ केली. "म्हंजे बँडमधी काम कोण करतंय ते कळलं."

दुसरा दंडक दिवस मावळण्याचा. आण्णा सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत. दिव्यावर किडे येतात आणि मरतात, म्हणून मावळतीला ते गोदामाचा मेन स्विच खाली ओढायचे. त्यात आधी सांगणं नाही, 'शेवटचं एक' नाही. ड्रमर घामाघूम होऊन रंगात आला की बरोबर तेव्हाच स्पीकर मुके व्हायचे आणि अंधुक उजेडात फक्त त्याच्या काठ्यांचा खडखडाट उरायचा. "आण्णा, दोन मिन्टं राहिली हुती की," तो कळवळून म्हणायचा. आण्णा म्हणायचे, "सूर्याला सांग."

आता पेवांचं सांगतो, कारण पुढं जे झालं ते पेवात झालं. हरिपुरात हळद पोत्यांत नाही, जमिनीत ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल विहिरीएवढी पोकळी. वर तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि खाली पोट मोठं. हळद भरायची, तोंड दगडमातीनं बंद करायचं. आत हवा नाही, कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राहतो, उलट रंग चढतो. कधी काळी अख्ख्या गावाच्या पोटात अशी पेवं होती. मग पुरांनी बरीच खाल्ली, उरलेल्यांचा धंदा कोल्ड स्टोरेजनं नेला. आण्णांच्या आवारात दोन उरली होती, शेजारी शेजारी, दोन्ही रिकामी. आण्णा रोज सकाळी त्यांच्या तोंडाभोवतीची जागा झाडायचे. मी एकदा म्हणालो, कुणाला तरी सांगा ना माल ठेवायला. ते दुखावले. "पेववाला माल मागाय जात न्हाई, मास्तर. माल पेवाकडं येतो."

आवारात कधी कधी त्यांचा मुलगा दिसायचा. चाळिशीचा, बांधकामाचा ठेकेदार, बोलायला गोड, हातात कायम टेप. तिथं त्याला मंगल कार्यालय बांधायचं होतं. आम्हाला तो नमस्कार करायचा, डॉक्टरला "मॅडम" म्हणायचा आणि टेपचं एक टोक धरायला मला सांगायचा. मी धरायचो. मास्तर माणसाला टेप धरायला आवडतं.

आठ महिन्यांच्या रविवारांत आमची अकरा गाणी रेकॉर्ड झाली. पहिला अल्बम. आण्णांनी नाव काय ठेवणार म्हणून विचारलं. डॉक्टरकडे नावांची यादी होती, ती तिनं वाचून दाखवली. आण्णा म्हणाले, "बाळाचं नाव बी बाराव्या दिवशी ठेवत्यात. आधी जगतंय का बगा."

जगण्याला पहिला धोका आमच्या ड्रमरकडूनच निघाला. त्याला राहवेना. मूळ फायली डॉक्टरच्या लॅपटॉपवर असायच्या, तो आपल्या फोनवर उतरवून घ्यायचा आणि व्हॉट्सॲप स्टेटसला लावायचा, खाली दुकानाची जाहिरात. टोलनाक्याचं गाणं 'सबमर्सिबल मोटर खात्रीशीर भरून मिळेल' या अक्षरांखाली तासगावपर्यंत पोचलं. डॉक्टर भडकली. तिनं त्याच्या फोनमधलं सगळं पुसलं, माझ्या फोनमधलंही पुसलं आणि मग, माझा विश्वास माझ्यावर सुद्धा नाही, असं म्हणून स्वतःच्या लॅपटॉपमधलंही पुसलं. उरली एक हार्ड डिस्क. पुण्याचा मिक्सिंग करणारा माणूस महिन्यानं मोकळा होणार होता. तोवर ती कुठे ठेवायची?

"आण्णा," ती म्हणाली, "यात आमचं सगळं आहे. दुसरीकडे कुठेही नाही. ही कुणाच्या हाताला लागता कामा नये. आमच्या तिघांच्यासुद्धा."

आण्णांनी डिस्क आधी काट्यावर ठेवली. काटा हलला नाही. मग ती त्यांनी कानाजवळ धरून हलवली. "आमच्या घराण्याचा धंदाच त्यो हाय, अक्का," ते म्हणाले. "निर्धास्त जावा."

आम्ही निर्धास्त गेलो. आणि त्या महिन्यात आमचं नशीब उघडलं. पुण्यातल्या एका संगीत महोत्सवातून फोन आला. गणपती उठल्यावर आठ दिवसांनी आम्हाला रंगमंचावर अर्धा तास मिळणार होता. अट एकच होती. तोवर अल्बम बाहेर आलेला हवा. नसेल तर जागा दुसऱ्या बँडला. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला असे फोन दुसऱ्यांदा येत नाहीत. मी शाळेत पायथागोरस शिकवता शिकवता स्वतःशीच हसायला लागलो.

पुढच्या रविवारी आम्ही हरिपूरला गेलो. आण्णा पोत्यावर बसून पेपर वाचत होते.

"आण्णा, डिस्क द्या."

"पेवात हाय."

मला वाटलं, ही त्यांची म्हणायची पद्धत असेल. मग मी आवाराकडे पाहिलं. डावीकडच्या पेवाचं तोंड बंद होतं. दगड, त्यावर माती, माती चोपून चापून गुळगुळीत केलेली, वर झेंडूचं एक सुकलेलं फूल.

डॉक्टर त्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "तुम्ही हार्ड डिस्क जमिनीत पुरलीत?"

"पुरली न्हाई, ठेवली. कपड्यात गुंडाळून, डब्यात घालून, डबा दोरीनं खाली सोडून. कुणाच्या हाताला लागू नये म्हणला की तुमी. आता यमाच्या बी हाताला लागत न्हाई."

"उंदीर बिंदीर?" ड्रमरनं विचारलं.

"आत हवा न्हाई. उंदीर काय दम कोंडून बसणार व्हय?"

"बरं, मग आता काढून द्या," डॉक्टर म्हणाली.

आण्णांनी पेपरची घडी घातली. "आता कार्तिकात."

चातुर्मास लागला होता. या चार महिन्यांत मातीत जीव असतात, म्हणून आण्णांच्या घरात जमीन उकरत नाहीत. पेव त्यांनी चातुर्मासाच्या आदल्या दिवशी बंद केलं होतं. कार्तिक म्हणजे दिवाळीनंतर. महोत्सव त्याच्या कितीतरी आधी. हे सगळं डॉक्टरनं त्यांना एकदा शांतपणे सांगितलं, एकदा न शांतपणे सांगितलं. आण्णा ऐकत होते.

"तुमी पाळता, आमी न्हाई पाळत," ड्रमर म्हणाला. "आमी उकरतो की आण्णा. पाप आमच्या डोक्यावर."

"जमीन माझी हाय रं गड्या."

परतीच्या वाटेवर आम्ही एक कट रचला. कट म्हणजे काय, गणिताचा मास्तर, दातांची डॉक्टर आणि मोटर रिवाइंडिंगवाला मिळून जो रचू शकतात तो. आण्णा रविवारी दुपारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला जात. दोन तास येत नसत. तेवढ्यात पेव उघडायचं, डबा काढायचा, तोंड होतं तसं बंद करायचं, झेंडूचं फूलसुद्धा परत ठेवायचं.

फूल आणायची जबाबदारी माझ्यावर होती. मी चार आणली, एक वाया गेलं तर असू दे म्हणून.

रविवारी झिमझिम चालू होती. ड्रमरनं पहार चालवली, मी त्याच्यावर छत्री धरली, डॉक्टर फाटकाशी पहाऱ्याला. वीतभर माती निघाली असेल तोच पाठीमागून आवाज आला, "मास्तर, काय चाललंय?"

आण्णांचा मुलगा. मी छत्री मिटली. का मिटली ते सांगता येत नाही. चोरी सापडल्यावर छत्री उघडी असू नये असं वाटलं असावं.

पण तो रागावला नाही. त्याचा चेहरा उजळला. "माल काढताय? आवं, मग आदी सांगायचं न्हाई का? पहार कशाला, पलीकडं माझा जेसीबी चालू हाय. आत्ता बोलावतो." त्यानं फोन लावलासुद्धा. "मॅडम, तुमचे लय उपकार झाले."

"उपकार कसले?" डॉक्टर फाटकापासून आली होती.

मग त्यानं सांगितलं. मंगल कार्यालयाच्या गाड्या उभ्या करायच्या तर दोन्ही पेवं बुजवायला लागणार होती. आण्णा तयार नव्हते. वर्षभर वाद चालला. शेवटी आण्णांनी त्याच्याकडून एक शब्द घेतला, की एका जरी पेवात परक्याचा माल असेल तर मालधन्याला विचारल्याशिवाय दोन्ही पेवांना हात लावायचा नाही. मुलानं आनंदानं शब्द दिला, कारण पेवं रिकामी होती आणि हळद ठेवायला कुणी येणार नव्हतं. बाप कुणाकडं मागायला जाणार नाही हेही त्याला ठाऊक होतं.

"आन तुमी आणून दिलाय डबा," तो हसत म्हणाला. "मी नुसता बगत राहिलो. आता तुमीच काढताय म्हंजे सुटलो. डबा भाईर आला की सांजच्या आत दोन्ही पेवात काँक्रीट."

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायचं टाळत उभे राहिलो. पलीकडून जेसीबीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. आणि फाटकातून आण्णा आले.

प्रवचन लवकर संपलं होतं की कुणी सांगितलं होतं, माहीत नाही. ते उकरलेल्या जागेपाशी आले. आधी मातीकडे पाहिलं, मग ड्रमरकडे.

"किती गांडूळं गेली?"

"बघितली न्हाईत, आण्णा," ड्रमर म्हणाला. जळलेल्या मोटारीपुढे तो कधी असा उभा राहिला नव्हता.

आण्णा मग डॉक्टरकडे वळले. "अक्का, मी तुमाला चातुर्मास सांगितला. ते खोटं न्हवतं, पण पुरतं बी न्हवतं. पुरतं ह्यानं सांगितलं असंल." मुलाकडे त्यांनी बोटही दाखवलं नाही. "माल तुमचा. मालधनी दारात हुबा राहिला की पेववाल्यानं न्हाई म्हणायचं नसतं. त्या दिवशी मी म्हणलो. ते चुकलं."

एवढं बोलून ते आत गेले. आम्हाला वाटलं, गेले, रुसले. पण ते कंदील आणि दोरीचं भेंडोळं घेऊन बाहेर आले. पावसात काडी पेटेना. तीन काड्या गेल्या. चौथी पेटली.

"तोंड उघडलं म्हणून लगेच उतरायचं न्हाई," ते ड्रमरला सांगू लागले, अगदी सावकाश, जसं मी नापास पोरांना सांगतो. "आत वायू असतो. माणसं गेल्यात. दोन तास उघडं ठेवायचं. मग ह्यो कंदील खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं न्हाई. न्हाई विझला तर तू उतर. मास्तरांनी कंदील जळत असला तरी उतरायचं न्हाई, तोंडात अडकतील."

त्यांनी कंदील ड्रमरच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मी चारही फुलं खिशातल्या खिशात दाबून धरली होती.

सगळे डॉक्टरकडे बघत होते. आठ महिने तिचे होते, अकरा गाणी तिची होती, पुण्याचा फोनही तिलाच आला होता. तिनं त्या वीतभर खड्ड्यात पाहिलं. दात पाहते तशी, वाकून.

"माती लोट आत," ती ड्रमरला म्हणाली.

"आन पुणं?"

"आण्णा, गोदाम दहा दिवस मिळेल? रविवार नाही. सलग."

"दिस बुडूस्तोवर," आण्णा म्हणाले.

जेसीबी फाटकात येऊन थांबला होता. मुलगा एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. "मॅडम, मग ह्याला काय सांगू?"

"सांगा की आत माल आहे," डॉक्टर म्हणाली.

दहा दिवसांत अकरा गाणी पुन्हा. त्या आठवड्यात माझे सासरे शाळेच्या दप्तरी दोनदा अत्यवस्थ झाले. ते स्वतः मात्र हरिपूरला येऊन ड्रमरला वडे खाऊ घालत होते, कारण जावई काय करतो हे त्यांना एकदा बघायचं होतं. बघून झाल्यावर मला म्हणाले, "तुम्ही नक्की कुठलं वाजवता?" डॉक्टरनं दवाखान्याच्या दारावर पाटी लावली, 'दुखत असल्यास शेजारी जा'. ड्रमरनं मोटारी गोदामातच आणल्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात भरल्या. आण्णा प्रत्येक गाण्याला पोत्यावर बसून होते. वाळलं, ओलं, ओलं, वाळलं. त्यांचं ओलं आलं की डॉक्टर न बोलता पुन्हा सुरू करायची. आधीच्या आठ महिन्यांत तिनं असं कुणाचंही ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं चाललं होतं. डॉक्टरचं शेवटचं कडवं, शेवटची ओळ, अर्धा शब्द. आणि सूर्य बुडाला. स्विच खाली.

आम्ही किंचाळलोच असतो. पण वेळ नव्हता, गाणी त्याच रात्री पुण्याला पाठवायची होती. गेली तशीच गेली. आज आमच्या त्या अल्बमवर कुणीही काही लिहिलं की त्या अर्ध्या शब्दावर लिहितं. बेंगळुरूच्या एका मुलानं दोन पानं लिहिली आहेत, की माणसाच्या अपुरेपणावर असं धाडसी भाष्य मराठीत झालेलं नाही. ते मी आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला सांगा, त्या दिशी पावणेसातला सूर्य बुडाला."

पुण्याला ते आले नाहीत, चातुर्मासात गाव सोडत नसत. मुलाला पाठवलं. तो शेवटच्या रांगेत दोन्ही कानांवर हात ठेवून अर्धा तास उभा होता आणि नंतर येऊन म्हणाला, "चांगलं झालं." मी विचारलं, तुम्हाला ऐकू आलं का? "थोडं," तो म्हणाला.

तर आमचा म्हणून जो पहिला अल्बम लोक ऐकतात तो खरा दुसरा. पहिला पेवात आहे. डॉक्टरचं मत की दुसराच चांगला. ड्रमरचं मत, दोन्हीत त्याचे ड्रम बारीक आले आहेत. मी मात्र जिथे जाईन तिथे सांगतो की पहिला ऐकायला हवा होता, त्यात माझा बेस असा काही लागला होता की बस्स. मला खोटं पाडायचं तर पेव उघडायला लागेल.

कार्तिक आला तेव्हा आण्णांनी स्वतःहून फोन केला. "अक्का, चातुर्मास संपला. माल काढायचा का?" आवाज अगदी कोरा होता. डॉक्टर म्हणाली, घाई नाही. पुढच्या कार्तिकातही त्यांनी विचारलं, त्याच्या पुढच्याही. नियम म्हणजे नियम. दर वेळी ती म्हणायची, घाई नाही, आणि दर वेळी ते फोन ठेवण्याआधी म्हणायचे, "मग ऱ्हाऊ द्या." चौथ्या कार्तिकाच्या आत ते गेले. अंगणात झाडू हातात असतानाच गेले, असं मुलगा म्हणाला.

मंगल कार्यालय तोवर झालं होतं. आम्ही त्यांच्या दिवसकार्याला गेलो तेव्हा पाहिलं, गाड्यांची फरशी दोन्ही पेवांना वळसा घालून गेली होती. आता ती किती दिवस वळसा घालेल याचा मी मनाशी हिशेब केला. फार दिवस येईनात.

यंदा जूनमध्ये एका रविवारी मुलगा साताऱ्याला माझ्या घरी आला. येताना सांगलीची भडंग आणलेली. मी कंदी पेढे पुढे केले. त्यानं एक उचलला, हातात धरून बसला. मला कळलं की तो माल काढायला सांगायला आला आहे, आणि मी मनात वाक्यं जुळवू लागलो.

"मास्तर," तो म्हणाला, "आण्णा गेल्यावर तेराव्या दिशी मी जेसीबीवाल्याला फोन लावला. खोटं कशाला बोलू. तर त्यो मलाच म्हणाला, आत माल हाय न्हवं तुमच्या? परक्याचा माल असताना मी बकेट टाकत न्हाई. त्याला त्या दिशी मॅडमनं सांगितलेलं, त्येवढंच धरून बसलाय गडी."

"मग?"

"मग न्हाई लावला परत." त्यानं पेढा खाल्ला. "आता असं झालंय, भागीदार म्हणतो एक पेव माल हाय म्हणून ठेवलंस, चल. पर दुसरं रिकामं हाय, ते तरी बुजव. चातुर्मास लागायला पंधरा दिस ऱ्हायलेत. एकदा लागला की मी बी उकरू देणार न्हाई, पर त्याच्या आदी त्यो माणसं घिऊन येणार." तो खाली बघत होता. "तुमचा नवा अल्बम चाललाय म्हणं?"

मी डॉक्टरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. तिकडे ड्रिलचा आवाज थांबला.

"हे मागायला तुम्हाला आण्णांनी सांगून ठेवलं होतं का?" तिनं विचारलं.

"आण्णा असते तर पायताण काढलं असतं," तो म्हणाला. "माझं मी आलोय."

"अहो, पण चारच गाणी झाली आहेत. आणि त्यातलं एकही धड नाही."

तो फोनकडे वाकला. "नसू द्या की, अक्का," तो म्हणाला. "पेवात कोण ऐकतंय?"

पलीकडे ड्रिल पुन्हा सुरू झालं आणि थांबलं. 

"मास्तर," ती शेवटी म्हणाली, "तुमच्याकडची डिस्क द्या त्यांना. पण या वेळी आधी कॉपी काढा."